वैशूच्या अंगातलं लोखंड

"तुमची बहीण त्या आजारातून वाचली, नशीबवान आहात," असं कुणी म्हटलं की मी नुसती मान हलवते. लग्नात, बारशात, ऑफिसात डबा खाताना, इतकी वर्षं हलवत आले. वैशू वाचली हे खरंच आहे, आणि वाचलेल्या माणसाच्या घरच्यांनी तक्रार करायची नसते, अशी आपल्याकडे रीत आहे. त्यात मी आधीच कमी बोलणारी. पण मागच्या वर्षी आई गेली, आणि जाताना जे उराशी घेऊन गेली ते तिचं नव्हतंच. ते कुणाचं होतं हे कुठेतरी सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे.

वैशू माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी. दिंडोशीच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्याला आमची खोली होती. बाबा पूर्वी गिरणीत विणकर, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एमआयडीसीत वॉचमन. आई तिकडेच एका शिवणाच्या कारखान्यात तयार शर्टांचे धागे कापायची. दोघंही दिवसभर बाहेर, त्यामुळे स्वयंपाक आणि वैशू ही दोन्ही कामं माझ्याकडे फार लवकर आली. वैशूला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा ती जेमतेम पहिलीत गेली होती. त्या आजाराची कहाणी मी सांगत बसणार नाही, ती पुष्कळांनी सांगितली आहे. औषधं झाली, केस गेले, केस आले, आजार उलटला, पुन्हा औषधं, पुन्हा केस गेले. या सगळ्यात न थांबता चालू राहिलं ते रक्त चढवणं. औषधांनी तिच्या अंगात रक्त बनायचं बंद व्हायचं, मग बाहेरून द्यायचं. हॉस्पिटलवाले म्हणायचे, पिशवी देतो, पण बदल्यात रक्त देणारी माणसं आणा. बाबा ड्युटीवरून घरी न येता सरळ मंडळाच्या कार्यालयात जायचे, आणि तिथून पुढचं बाळूदादा बघायचा.

बाळूदादा वसाहतीच्या गणेशोत्सव मंडळाचा सेक्रेटरी. गळ्यात चेन, तोंडात कायम सुपारी, आवाज असा की माईक लागू नये, पण माईक सोडायचा नाही. "काका, टेन्शन नाय घ्यायचं," तो बाबांना म्हणायचा, "वैशूसाठी अख्खी वसाहत रिकामी करू." आणि करायचाही. टेम्पोत भरून पोरं न्यायचा. पलीकडच्या बुद्धविहारासमोरची पोरंही यायची. एरवी त्यांचं आणि मंडळाचं लाउडस्पीकरवरून वाजलेलं असायचं, पण टेम्पोत मांडीला मांडी लावून बसायची. वैशू जरा बरी झाली की गॅलरीत उभी राहून खालच्यांना शिव्या द्यायची, तेव्हा बाळूदादा खालून ओरडायचा, "ही माझी पिशवी बोलतेय रे! ओळखला मी आवाज!" आम्ही सगळे हसायचो. त्या माणसाविषयी माझ्या मनात आजही राग नाही. रागावायची यादी लांब आहे, पण तो त्यात नाही.

मग एकदाचे उपचार संपले. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, ज्यांच्यासमोर बाबा कधी खुर्चीत टेकून बसले नाहीत, ते म्हणाले, "मुलगी बरी झाली. वर्षातून एकदा दाखवून जा. चांगलं खायला घाला." बस. इतक्या वर्षांच्या उपचारांनंतर घरी जाताना आम्हाला दिलेली शिदोरी ही एवढीच, चांगलं खायला घाला. आईनं ते देवाचं वाक्य असल्यासारखं धरून ठेवलं.

आता आमच्या घरात चांगलं खाणं म्हणजे काय, तर रक्त वाढवणारं खाणं. आईकडे एक बिडाची कढई होती, वेंगुर्ल्याकडच्या तिच्या माहेरून एसटीत मांडीवर घेऊन आणलेली. वैशूची भाजी त्याच कढईत व्हायची. नुसती व्हायची नाही, झाल्यावर त्यातच ठेवायची, काळी पडेपर्यंत, कारण काळी पडली म्हणजे लोखंड उतरलं. लाल माठ, बीट, नाचणीची आंबील, ओल्या नारळातले आळिवाचे लाडू, रात्री भिजत घातलेले काळे खजूर. बुधवारी आणि रविवारी कलेजी. आणि रोजच्या आमटीत लोखंडाची पळी गॅसवर लालबुंद करून बुडवायची. तो चर्र आवाज झाला की शेजारपाजारच्यांना कळायचं, वैशूचं जेवण तयार. आईच्या आईनं बाळंतिणींना असंच घातलेलं होतं. ह्यावर मी माझी अक्कल लावली. शाळेत गृहशास्त्राच्या बाईंनी शिकवलं होतं की लिंबानं लोह अंगी लागतं. मी प्रत्येक घासावर लिंबू पिळायला लागले. बाई शाबासकी देतील असं वाटायचं, इतका मला त्याचा अभिमान होता. आणि चहा बंद. चहानं रक्त आटतं म्हणून. वैशूला जगात एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे बाबांच्या कपातला उरलेला चहा. तो तिच्यासमोर मोरीत ओतला जायचा.

ती खायची नाही. "ताई, नको ना गं. तोंडात खिळा धरल्यासारखं लागतं." मी तिला भिंतीशी बसवायची, गुडघ्यानं पाय दाबून धरायची, एका हातानं नाक दाबायची, तोंड उघडलं की कलेजीचा घास आत. ती रडायची, मी चिडायची. मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते, मैत्रिणी पिक्चरला जायच्या आणि मी हे करत बसायची. आई संध्याकाळी येऊन पहिला प्रश्न विचारायची, "खाल्ल्यान मां गो?" खाल्लं, म्हणून मी ताट दाखवायची. पुसून घेतलेलं ताट. लोक विचारतात, कसला अपराध वाटतो तुला? मला अजून कुठेही कुणी आई मुलाला नाक दाबून भरवताना दिसली की मी तिथून उठून जाते.

वैशू वाढत होती पण उंचीनं वाढत नव्हती. वर्गात पहिल्या बाकावर बसायची ती बसतच राहिली. आणि रंग बदलत चालला. सावळी नाही, काळी नाही, एक राखाडी झाक, जशी जुन्या ॲल्युमिनियमच्या टोपाला येते. मालाडच्या एका लग्नात मामी सगळ्यांदेखत म्हणाली, "केवढी गोरी होती पोर! उन्हात सोडता की काय गं?" पुढच्या आठवड्यापासून कलेजीच्या जोडीला बेसन-साय सुरू झाली. जिने चढताना ती मधल्या मजल्यावर बसायची. मैत्रिणींना पाळी आली, हिला नाही. त्यावर आई माझ्याशी फक्त भाकरी थापताना, पाठ करून बोलायची. नाक्यावरच्या आमच्या डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली, "रक्त कमी वाटतंय," म्हणाले, आणि लोहाचं टॉनिक दिलं. रक्त तपासलं नाही. पापणी ओढली फक्त. ज्या मुलीच्या अंगात अर्ध्या वसाहतीचं रक्त ओतलेलं, जिचा सगळा इतिहास त्यांना माहीत, तिला वर्षानुवर्षं पापणी बघून लोखंड पाजलं. हे मी शांतपणे लिहायचा प्रयत्न करते आहे, जमत नाही.

दर वर्षी मंडळाचं रक्तदान शिबिर व्हायचं, महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये. त्यात वैशूचा सत्कार ठरलेला. शाल, नारळ, आणि बाळूदादाचं भाषण, "मित्रांनो, हीच ती आपली वैशू, जिच्या नसानसांत ह्या वसाहतीचं रक्त आहे!" टाळ्या. वैशूला ते मनापासून आवडायचं, खोटं का बोलू. वैशू तेरा वर्षांची झाली त्या वर्षी शिबिरासाठी रक्तपेढीकडून एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. तरुण, जाड चष्मा, केसांचा घट्ट बुचडा. भाषण चालू असताना त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, वैशूकडे बघत होत्या. खाली उतरल्यावर त्यांनी तिचा हात हातात घेतला, तळवा उलटा केला, मग आईला विचारलं, "मावशी, हिला किती वेळा रक्त दिलंय?"

"अगो बाय, मोजलंय कोणी? वर्सानुवर्सां."

"मग नंतर फेरिटिन केलं होतं का? अंगात लोह किती साठलंय ते बघतात ती तपासणी."

आई माझ्याकडे बघायला लागली, मी बाळूदादाकडे. बाळूदादा म्हणाला, "मॅडम, तिला तर लोखंड कमी आहे. टॉनिक चालू आहे ना."

त्या बाईंचा चेहरा मी विसरले नाही. त्या ओरडल्या नाहीत. "ते टॉनिक आजपासून बंद," म्हणाल्या, "आणि उद्या सकाळी हिला माझ्याकडे घेऊन या."

तपासणीचा निकाल आला तेव्हा त्यांनी आम्हाला तिघींना समोर बसवून समजावलं. रक्त लाल असतं ते त्यातल्या लोहामुळे. दुसऱ्याचं रक्त चढवलं की त्याच्याबरोबर त्याचं लोहही येतं. रक्ताच्या पेशी आपलं आयुष्य संपवून मरतात, लोह मागे राहतं, आणि ते बाहेर टाकायला माणसाच्या शरीरात वाटच नाही. ते यकृतात साठतं, हृदयात, वाढ करणाऱ्या ग्रंथींमध्ये, कातडीत. म्हणून उंची थांबली, म्हणून पाळी नाही, म्हणून हा रंग. यकृत सुजलेलं होतं. हृदयापर्यंत फार गेलेलं नसावं, पण असंच राहिलं तर जाणार. "रक्त देणं चूक नव्हतं," त्या म्हणाल्या, "ते दिलं म्हणून ही जिवंत आहे. पण ज्यांनी दिलं त्यांनी नंतर मोजायला हवं होतं. साधी रक्ताची तपासणी आहे."

आई हळूच म्हणाली, "मी तर तिका लोखंडाच्या कढयेत रांधून घालतंय."

"मावशी, त्यानं थोडी भर पडली असेल. पण कढई म्हणजे चमचा. पिशव्यांमधून आलं ते बादलीनं आलंय." हे वाक्य त्यांनी आईचा हात धरून उच्चारलं. मी शेजारीच होते, मला शब्दन् शब्द आठवतो. आईलाही आठवायला हवा होता.

पण मग बाबा म्हणाले, ज्यांनी बरी केली त्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही. आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी निकाल बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि विचारलं, "घरी काय खायला घालता हिला?"

आईनं सगळं सांगितलं. कढई, पळी, कलेजी, आळीव. परीक्षेत उत्तर येत असल्यासारखं, एकेक. लिंबाचं मी सांगितलं. डॉक्टरांनी खुर्चीत मागे रेलून मान हलवली. "बघा. हे असं असतं. आम्ही मुलांना वाचवतो आणि तुम्ही घरी असले प्रकार करता. अहो, लोखंड पाजलंत तुम्ही तिला!"

आईचं तोंड पांढरं पडलं. बाबांनी मान खाली घातली. "चांगलं खायला घाला असं तुम्हीच सांगितलंत," हे मी म्हणायला हवं होतं. "रक्त तुम्हीच दिलंत, तपासलं का नाही?" हेही. मी अठरा वर्षांची होते, तोंडात जीभ होती. पण त्या माणसानं माझ्या बहिणीला जिवंत ठेवलं होतं, आणि ज्यानं जिवंत ठेवलं त्याला उलट कसं विचारायचं? दार लोटून बाहेर पडताना बाबांनी तर त्यांना नमस्कारही केला. आज मला त्या नमस्काराची जास्त चीड येते. त्या खोलीतून अपराध टेबलाच्या त्या बाजूनं ह्या बाजूला आला, आणि आम्ही तो उचलून घरी घेऊन आलो.

उपाय डॉक्टरीणबाईंनीच सांगितला. वैशूचं स्वतःचं रक्त आता व्यवस्थित बनत होतं. तेव्हा दर काही आठवड्यांनी तिचं थोडं थोडं रक्त काढून टाकायचं. नवीन रक्त बनवायला शरीर साठलेलं लोह वापरतं, म्हणजे साठा हळूहळू कमी होतो. ऐकायला इतकं सोपं. पण आई खुर्चीतून उठलीच. "माझ्या चेडवाचा रगत काढतलास? दारोदार फिरान रगत हाडलां आमी! आनि तुमी ता फेकून देतलास?"

फेकूनच द्यायचं होतं. ते दुसऱ्या कुणाला देता येणार नव्हतं. ही बातमी वसाहतीत पोचली तेव्हा संध्याकाळी बाळूदादा दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. "काकू, खरं काय ते? आमच्या पोरांचं रक्त गटारात टाकणार?" त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला लागलं होतं. "पोरं विचारतायत मला. काय सांगू मी त्यांना?" आई म्हणाली, काही सांगू नकोस, असलं काही होणार नाही. माझं चेडू आधीच अर्धं झालंय, त्यातलं आणखी मी काढू देणार नाही. बाबा खाटेच्या कडेला बसून चपलेचा अंगठा नीट करत होते. मी ओट्याशी उभी होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं मला समजलं होतं, आणि मी अजूनही कांदाच चिरत होते.

वैशू मोरीच्या उंबऱ्यावर बसून वेणी घालत होती. तेरा वर्षांची, दिसायला नऊची. ती म्हणाली, "बाळूदादा, तू दिलंस ना मला?"

"दिलं म्हणजे काय गं, किती वेळा दिलं."

"मग ते माझं झालं ना? का अजून तुझंच आहे?"

बाळूदादा सुपारी चघळायचा थांबला.

"माझं असेल तर मी टाकीन नाहीतर ठेवीन. तुझं असेल तर आत्ता घेऊन जा. मला जिने चढवत नाहीत रे." आणि मग आईकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "आई, मला मोठं व्हायचंय. सगळ्या माझ्याएवढ्या होत्या, आता माझ्याकडे वाकून बोलतात."

मग बाळूदादानं चप्पल काढली, आत आला, आईच्या समोर खाली बसला. "काकू, मी येतो बरोबर. पहिल्यांदा आणलं तेव्हा मी होतो ना? मग आता पण मीच येतो." आई रडायला लागली. बाबा उठून उभे राहिले, "सकाळी निघू," एवढंच म्हणाले. त्या घरात इतका सरळ निर्णय मी पहिल्यांदाच ऐकला.

पिशवी भरताना वैशू शांत होती. बाळूदादा मात्र बाकड्यावर तोंड फिरवून बसला, इतकी शिबिरं भरवलेला माणूस. घरी आल्यावर आईनं कढईला हात लावला नाही. साध्या टोपात भात लावला, बाबांसाठी आणलेली चहापूड काढली, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसा, जेवणाबरोबर घ्यायचा बिनदुधाचा चहा वैशूपुढे ठेवला. त्यानं जेवणातलं लोह अंगी कमी लागतं म्हणे. इतकी वर्षं ज्याच्यासाठी पोरगी तळमळली तो चहा तिच्यापुढे आला, स्वतः आईच्या हातानं. तिनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ई! हा काय चहा आहे? दूध कुठाय?" आम्ही सगळे हसलो. आई पण हसली. पण हसताना तिनं कढई खिळ्यावरून काढली आणि माळ्यावर, पालथी, अगदी मागे टाकली.

रक्त काढणं पुढे पुष्कळ काळ चाललं. रंग उजळला, यकृत सावरलं, पाळी आली, उशिरा. उंची मात्र जेवढी जायची तेवढी गेली. वैशू आज मुलुंडला राहते, एका शाळेत ऑफिसात आहे, मधुमेहाची गोळी घेते, आणि वसाहतीतली कुणी भेटली तर अजून शिव्या देते. हे वाचणाऱ्यात कुणाच्या घरी असं मूल असेल, तर एवढंच सांगते. तुमच्या मुलाला चढवलेल्या रक्ताचं लोह नंतर कुणी मोजलं का, हे स्वतः विचारा. भीड धरू नका. आम्ही भीड धरली.

आईनं नंतर कधीच लोखंडात रांधलं नाही. तवासुद्धा बदलला. वैशूला सर्दी झाली तरी तिच्या कपाळाला हात लावून म्हणायची, "माझ्याच हातान झाला." मी किती वेळा सांगितलं, चमचा आणि बादली, आई, आठव. ती मान हलवायची. माझी ही मान हलवायची सवय तिचीच.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघी खोली आवरत होतो. वैशू स्टुलावर चढून माळ्यावरून हात घालून कढई ओढत होती, गंजून लाल झालेली. "ही मी नेते," म्हणाली.

"ही? कशाला?"

"घासून घेते. तिनं काय केलंय?" ती खाली उतरली, पदरानं धूळ पुसली. "मी आईला शेवटी विचारलं होतं, ताई. हॉस्पिटलात. म्हटलं, तू अजून स्वतःलाच का धरून बसलीस? तुला सांगितलं होतं ना त्या बाईंनी?"

"मग?"

"म्हणाली, 'ती बाय बरी होती गो, माझ्या समाधानाक बोलली. पन एवढे मोठे डॉक्टर, ते कित्याक खोटां बोलतीत?'"